गोर्बाचेव्ह आणि डेंग: सुधारणा आधी कुठून?

चीनचे नेते डेंग झियाओपिंग यांनी डिसेंबर १९७८ नंतर आर्थिक सुधारणांची सुरुवात शेतीपासून केली. कम्युनची (सामूहिक शेतीची) जमीन कुटुंबांना कराराने कसायला दिली; ठरलेला कोटा सरकारला घालायचा, उरलेलं बाजारात विकायचं. १९८० मध्ये शेंझेनसह चार विशेष आर्थिक क्षेत्रं, म्हणजे परदेशी गुंतवणुकीसाठी खास सवलतींचे भाग, सुरू झाली. फसलं तरी नुकसान तेवढ्यापुरतं, ही खरी हुशारी.

सोव्हिएत संघात मिखाईल गोर्बाचेव्ह १९८५ मध्ये सत्तेवर आले आणि त्यांनी थेट अवजड सरकारी उद्योगांच्या यंत्रणेलाच हात घातला. त्याच वर्षीच्या दारूविरोधी मोहिमेने तिजोरीचं हक्काचं उत्पन्न बुडवलं, १९८६ मध्ये तेलाचे भावही कोसळले. जानेवारी १९८८ पासून कारखान्यांना पगार ठरवण्यात मोकळीक मिळाली, पण बहुतेक किमती सरकारीच राहिल्या. पगार वाढले, माल वाढला नाही. दुकानं रिकामी पडली. शिवाय ग्लासनोस्तमुळे (खुलेपणाच्या धोरणामुळे) हा सगळा संताप उघड बोलता येऊ लागला.

चीनमध्येही दुहेरी किमतींमुळे (एकाच मालाची सरकारी आणि बाजारातली किंमत वेगळी) भ्रष्टाचार आणि १९८८ ची महागाई आलीच. तिथला असंतोष जून १९८९ मध्ये रणगाड्यांनी चिरडला. हा हिशेब डेंगच्या यशातून वगळता येत नाही.

शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र पारडं उलटं. डेंगनी १९७९ मध्ये व्हिएतनामवर सैन्य घातलं. गोर्बाचेव्हनी डिसेंबर १९८८ मध्ये ५ लाख सैन्यकपात जाहीर केली आणि पूर्व युरोपातली सरकारं वाचवायला रणगाडे पाठवले नाहीत. हंगेरीने सप्टेंबर १९८९ मध्ये पूर्व जर्मनांसाठी ऑस्ट्रियाची सीमा उघडली. दोन महिन्यांत बर्लिनची भिंत खुली झाली. बाल्टिक प्रजासत्ताकांना मात्र ही सवलत नव्हती: जानेवारी १९९१ मध्ये लिथुआनियाची राजधानी विल्नियसमध्ये सोव्हिएत सैन्याने गोळीबार केला.