पुणे विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी.ला येताय? हॉस्टेल, पेठेतली कॉट की सांगवीतला फ्लॅट

विभागाच्या यादीत नाव लागलं, फी भरली आणि आता घरी रोज एकच विषय: पोरगं राहणार कुठे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला बाहेरगावाहून येणाऱ्यांपुढे साधारण तीन वाटा असतात. विद्यापीठाचं वसतिगृह, सदाशिव-नारायण पेठेतली कॉट (सामायिक खोलीतली भाड्याची एक खाट), किंवा दोघा-तिघांनी मिळून खडकी, औंध, सांगवी भागात घेतलेला फ्लॅट.

बहुतेक जण भाड्याचे आकडे शेजारी शेजारी मांडून ठरवतात. भाडं महत्त्वाचं आहेच, पण माझ्या मते आधी दुसरं विचारावं. संध्याकाळी सातनंतर तुम्ही कुठे असणार? एम.ए.चे तास दुपारपर्यंत संपतात, विज्ञानवाल्यांची प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतात. या दोन वर्षांत जे काही घडतं त्यातलं बरंचसं त्यानंतरच्या चार-पाच तासांत घडतं आणि राहण्याची जागा तेच तास ठरवते.

हॉस्टेल

पैशाच्या हिशोबात याच्या जवळपास कुणी येत नाही. वर्षभराचं वसतिगृह शुल्क आणि बाहेरच्या एका कॉटचं वर्षाचं भाडं यांची तुलनाच होत नाही. अडचण एकच, जागा कमी आणि मागणारे फार. प्रवेश विभागात झाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं होत नाही. त्याचा अर्ज वेगळा, गुणवत्तेची आणि आरक्षणाची यादी वेगळी. ती लागेपर्यंत वर्ग सुरूही झालेले असतात. शैक्षणिक वर्ष संपलं की खोली रिकामी करायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, हेही धरून चाला. पहिल्या वर्षी विषय राहिले तर दुसऱ्या वर्षीच्या खोलीचा भरवसा धरू नका.

जागेच्या या टंचाईतून हॉस्टेलवर एक शब्द रुळला आहे, पॅरासाइट. ज्याचं नाव खोलीच्या यादीत नाही पण गादी खोलीत आहे, तो पॅरासाइट. कुणाचा गावाकडचा मित्र असतो, कुणी गेल्या वर्षीच पास होऊन गेलेला सीनियर. खोली दोघांची, झोपणारे चार, असं सर्रास चालतं. अधूनमधून तपासणी होते आणि मग खरा राहणाराच अडचणीत येतो. गावच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, पण चार दिवस म्हणून आलेला पाहुणा सेमिस्टर काढतो हे लक्षात असू द्या.

तरीही मी हॉस्टेलच्या बाजूने आहे. कारण 411 एकरांचा हा परिसर रात्री पायी आपला असतो. जयकर ग्रंथालय (आता अधिकृत नाव जयकर ज्ञानस्रोत केंद्र, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्यावरून) चालत जाण्याच्या अंतरावर. जेवून परत अभ्यासाला बसता येतं, शेवटच्या बसची चिंता नाही. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था याच आवारात आहेत. संध्याकाळचं एखादं व्याख्यान संपल्यावर बाहेर चहा घेत त्यावर वाद घालायला सोबत माणसं असतात. बाहेर राहणारा मात्र त्या वेळी गाडीला किक मारून विद्यापीठ चौकातल्या गर्दीत शिरलेला असतो.

दुसरी गोष्ट सीनियरांची. नेट-सेटचे जुने पेपर, कोणत्या सरांकडे प्रबंध घ्यावा, कोणती शिष्यवृत्ती कोणत्या टेबलावर अडते, ही माहिती कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ती रात्री साडेदहाला शेजारच्या खोलीत मिळते. गावातून पहिल्यांदाच पुण्यात आलेल्याला तर हे सोन्यासारखं.

आता उणी बाजू. झाडी भरपूर म्हणून डासही भरपूर. कॉटच्या चार कोपऱ्यांना काठ्या बांधून मच्छरदाणी ताणलेली खोली हे इथलं नेहमीचं दृश्य. मच्छरदाणी घरूनच आणा, पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ गमतीत घेऊ नका. सकाळी गरम पाणी जो लवकर उठेल त्याचं. रिफेक्टरीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीच्या, जेवणाला नावं ठेवणं हा इथला जुना छंद आहे. पोट भरतं, स्वस्त पडतं, पण सोमवारची भाजी गुरुवारी वेगळ्या नावाने भेटते. जीभ फार कंटाळली की अनिकेत कॅन्टीन आहेच.

मुलींच्या वसतिगृहात आत येण्याची वेळ आणि हजेरी यांचे नियम जास्त काटेकोर असतात. अर्जासोबतची नियमावली वाचून घ्या. प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबायचं असेल तर विभागाकडून पत्र लागतं का, हे पहिल्याच आठवड्यात रेक्टर मॅडमना विचारून ठेवा. ऐन प्रयोगाच्या रात्री गेटवर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

पेठेतली कॉट

कॉट बेसिस हा खास पुण्याचा प्रकार. मालक एका खोलीत तीन-चार लोखंडी कॉट टाकतो आणि प्रत्येक कॉट वेगळी भाड्याने देतो. तुमच्या वाट्याला कॉट, अर्धं कपाट आणि नशीब असेल तर खिडकी. एखाद्या महिन्याचं डिपॉझिट, सोडताना महिनाभर आधी सांगायचं. बाकी अटी तोंडी. पाहुणा चालेल का, गिझर किती ते किती, लॅपटॉपच्या विजेचे वेगळे पैसे आहेत का, हे पैसे देण्याआधीच विचारा. तोंडी अटी मालकाच्या सोयीने आठवतात.

पेठेत मुलं राहतात ती मुख्यतः स्पर्धा परीक्षेसाठी. शास्त्री रोडपासून सदाशिव-नारायण पेठेपर्यंत अभ्यासिकाच अभ्यासिका. महिन्याचे पैसे भरले की तुमची खुर्ची ठरलेली, टेबलावर पुस्तकांची चळत तशीच ठेवून जेवायला जाता येतं. जेवण मेसचं. मेस लावताना दर सगळेच विचारतात, खाड्याचा नियम मात्र क्वचितच कुणी विचारतं. खाडा म्हणजे न जेवलेला दिवस. बऱ्याच मेसमध्ये सलग दोन-तीन दिवस, तेही आधी सांगून गेलात तरच खाडा धरतात. अचानक एका रात्री बाहेर जेवलात तर ते पैसे गेले. महिन्यातून एक-दोनदा गावी जाणाऱ्याला दरापेक्षा हाच नियम महाग पडतो. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, दुपारी फिस्ट. त्या रात्री पुण्यातली निम्मी विद्यार्थी जनता वडापाववर असते.

विद्यापीठ इथून सहा-सात किलोमीटर. ऐकायला फार नाही. पण मधे विद्यापीठ चौक आहे. तिथला जुना उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला, हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोची मार्गिका त्याच चौकावरून जाते आणि गणेशखिंड रस्त्याने गेली काही वर्षं सगळ्यांच्या संयमाची परीक्षा घेतली आहे. पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, तिकिटाचे दर जून 2025 मध्ये वाढले. पाच किलोमीटरपर्यंत 10 रुपये, पाच ते दहा किलोमीटरला 20. दिवसाचा पास 40 वरून 70 वर गेला. रोज ये-जा करणार असाल तर विद्यार्थ्यांचा मासिक पास काढा, सुटी तिकिटं परवडत नाहीत. पैशापेक्षा खरं नुकसान वेगळं. दुपारी दोनला तास संपला की पेठेतला विद्यार्थी घरी निघतो आणि साडेपाचचं सेमिनार त्याच्यासाठी नसतंच.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. तुम्ही इतिहासाचे किंवा मराठीचे विद्यार्थी असाल, मोडी शिकायची असेल, जुन्या कागदपत्रांवर काम करायचं असेल, तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1910 मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी स्थापन केलेलं. शेजारी भरत नाट्य मंदिर, थोडं चाललं की अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं. अशा विद्यार्थ्याला मी उलट सांगेन: दुसऱ्या वर्षी, प्रबंधाच्या वेळी, पेठेत या.

आणि एक स्पष्टच बोलतो. एम.ए.ला प्रवेश हॉस्टेलसाठी आणि मन एमपीएससीत, असं करणारे दरवर्षी असतात. त्यांना दोष देत नाही, घरची परिस्थिती माणसाला हुशारी शिकवते. पण दोन्ही दगडांवर पाय ठेवायचे तर किमान विभागातल्या हजेरीचा नियम आधी समजून घ्या. सत्राच्या शेवटी परीक्षेचा अर्ज अडला की मग धावपळ होते.

सांगवी, खडकी, औंधचा फ्लॅट

दोघं-तिघं ओळखीचे मिळाले तर हा पर्याय अंगाला सैल बसतो. स्वतःची किल्ली, स्वतःचा गॅस, आईला चार दिवस येऊन राहता येतं. जुनी सांगवी आणि पिंपळे गुरव औंधपेक्षा स्वस्त. स्पायसर कॉलेजच्या रस्त्याने ब्रेमेन चौकात आलं की विद्यापीठ जवळच, सायकलनेही जमतं. औंध-बाणेरच्या मोठ्या सोसायट्यांत 'बॅचलर चालणार नाही' हे ऐकायची तयारी ठेवा. सांगवीत मालक खाली आणि भाडेकरू वर अशी घरं बरीच आहेत, तिथे गाठ लवकर जुळते.

पाण्याचं विचारा. सांगवी, पिंपळे गुरव हा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतो आणि तिथे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी आहे. टाकी मोठी असली तर कळतही नाही, छोटी असली तर तिघांच्या आंघोळीवरून मैत्री तुटते. घर बघायला गेलात की गच्चीवर जाऊन टाकी बघाच.

दुसरं, भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तरी अनेक जण नोटरीच्या कागदावर भागवतात. पुढे पासपोर्ट किंवा बँकेत पत्ता दाखवायची वेळ आली की तो कागद चालत नाही. खर्चही फार नाही. पंधरा हजार भाडं आणि अकरा महिने धरले तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क चारशे-सव्वाचारशे रुपये, शहरी भागात नोंदणी फी 1000. आधारवर घरबसल्या ऑनलाइन होतं. एजंट त्यावर आपले पैसे लावतो, ते आधी ठरवून घ्या. करारात तिघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर करार आणि तोच मधेच नोकरी लागून गेला, की उरलेल्या दोघांना डिपॉझिट मागायला तोंड राहत नाही.

स्वयंपाकाचा उत्साह पहिला महिना टिकतो. मग भात, अंडी, मॅगी. परीक्षा आल्या की घरगुती डबा सुरू होतो, म्हणजे भाडं आणि डबा असे दोन्ही खर्च अंगावर येतात. हिशोब करताना स्वयंपाकघर आहे म्हणून जेवणाचे पैसे वाचतील हे गृहीत धरू नका.

पैशाची मदत कुठे होते

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये: भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् ही तशीच योजना. हे आकडे दहा महिन्यांवर पसरून पाहा. जेवणाला महिन्याला 3,200, म्हणजे दोन वेळची मेस जेमतेम. भाड्याला 2,000, त्यात पुण्यात धड कॉटही येत नाही. शिवाय पैसे खात्यावर उशिरा येतात. म्हणून स्वाधारच्या भरवशावर फ्लॅट घेऊ नका. अर्ज मात्र जरूर करा, हॉस्टेलच्या अर्जासोबतच.

विद्यापीठाची कमवा व शिका योजना वेगळी. ग्रंथालय, बाग, कार्यालय अशा ठिकाणी ताशी मोबदल्यावर काम मिळतं. त्यातून भाडं निघत नाही, पण मेस आणि झेरॉक्सचा बराच भार उतरतो. कामाच्या वेळा आवारातल्याच असल्याने ती हॉस्टेलवाल्याला सोयीची, पेठेतल्याला अवघड.

मग कुणी काय घ्यावं

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने हॉस्टेल मिळत असेल तर दुसरा विचारच करू नये. प्रयोगशाळेला लागून राहणं यापलीकडे काही लागत नाही. पुण्यात पहिल्यांदाच येणाऱ्याने, विषय कोणताही असो, पहिलं वर्ष हॉस्टेलवरच काढावं. अर्धवेळ नोकरी करणाऱ्याने, किंवा ज्याला शांतता लागते आणि दोन चांगले साथीदार मिळालेत, त्याने फ्लॅट घ्यावा. पण साथीदार आधी आणि घर नंतर. पेठ फक्त दोघांसाठी: ज्याचं खरं ध्येय स्पर्धा परीक्षा आहे तो, आणि ज्याचा प्रबंध इतिहास संशोधक मंडळाच्या कपाटांत दडलेला आहे तो.

हॉस्टेलची यादी लागेपर्यंतचे चार-सहा आठवडे मात्र सगळ्यांनाच काढायचे असतात आणि चुकीचे खर्च नेमके तेव्हाच होतात. घाबरून अकरा महिन्यांचा करार करू नका, एजंटला महिन्याचं भाडं दलाली म्हणून देऊ नका. खडकी किंवा बोपोडीत महिन्याच्या बोलीवर कॉट घ्या, डिपॉझिट कमीत कमी ठेवा, त्याची पावती व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या. मूळ कागदपत्रं खोलीत ठेवू नका. टी.सी., जातप्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांचे स्कॅन फोनमध्ये आणि पाच-पाच झेरॉक्स बॅगेत. वसतिगृहाची यादी संकेतस्थळावर येते तशी फलकावरही लागते आणि नाव लागल्यावर शुल्क भरायची मुदत अगदी थोडी असते. त्या दिवसांत गावी गेलात तर फलक बघायला एखाद्या मित्राला सांगून जा.