‘तुमची निवड झाली आहे’: जपान दौऱ्याच्या नावाखाली आम्हाला कसं फसवलं

परदेशी भाषा शिकणारी, आंतरराष्ट्रीय घडामोडींत रस असलेली कॉलेजची मुलं आणि त्यांच्यापेक्षाही जास्त त्यांचे आईवडील यांनी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या वेगवेगळ्या कॉलेजांतले आम्ही बावीस जण जपानला जाणार होतो. कुणीच गेलं नाही. बहुतेक घरांचे पावणेदोन लाखांच्या आसपास पैसे अडकले आहेत. गुन्हा दाखल झालाय, तपास चालू आहे, त्यामुळे दौरा ठरवणाऱ्या माणसाचं आणि त्याच्या संस्थेचं नाव इथे घेत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण पाटी बदलून हीच पद्धत उद्या दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशाच्या नावाने वापरता येईल.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचं एक वेगळंच जग आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास, जुलै आणि डिसेंबरमध्ये जेएलपीटी ही जपानीची परीक्षा, आणि मनात सतत एकच, की जी भाषा इतकी घोकतोय ती एकदा तरी तिथल्या माणसांशी बोलायला मिळावी. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्रीच्या त्या जपानी बागेत, फोटो काढून किती दिवस समाधान मानणार? या माणसाने ही ओढ बरोबर हेरली होती. त्याची जाहिरात ऑक्टोबरमध्ये आली. त्यात ‘टूर’ हा शब्द कुठेही नव्हता. ‘युवा सांस्कृतिक आदानप्रदान कार्यक्रम’, ओसाकाच्या जागतिक एक्स्पोला भेट, दोन रात्री जपानी कुटुंबात मुक्काम, शेवटी प्रमाणपत्र. आणि खाली ठळक अक्षरांत: निवड मुलाखतीद्वारे.

या मुलाखतीवरच सगळा डोलारा उभा होता. आधी ‘मला जपान का पाहायचा आहे’ यावर जपानीत निबंध मागवला. मग ऑनलाइन मुलाखत झाली. पडद्यावर एक बाई होत्या, त्या स्वच्छ जपानी बोलत होत्या. शेजारी हा माणूस, म्हणजे आमचे ‘सर’, वहीत काहीतरी टिपून घेत होते. मग आठवडाभर शांतता आणि त्यानंतर यादी. काही जणांना नकार आला, काही वेटिंग लिस्टवर गेले. नकार आलेल्या मुली क्लासमध्ये रडल्या. त्यांच्यापुढे ‘हा माणूस खरा आहे का’ असं विचारणंसुद्धा कोत्या मनाचं वाटलं असतं. आम्ही कसोटीला उतरलो होतो, घरी पेढे वाटले होते, आणि कसोटी घेणाऱ्याची कसोटी घ्यावी हे कुणाच्या घरात सुचलंच नाही. पैशाचा विषय निघाला तो यानंतर.

म्हणून सगळ्यात आधी एक माहिती देते. सरकारी पातळीवरचे खरे युवा आदानप्रदान कार्यक्रम असतात. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचा ‘जेनेसिस’ हा त्यातलाच एक. त्यात निवड झाली की जाण्यायेण्याच्या विमानभाड्याचा आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च जपान सरकार करतं. म्हणजे कुणी ‘निवड झाली’ म्हणत असेल आणि पाठोपाठ लाखाचा हप्ता मागत असेल, तर ती साधी विकत घेतलेली सहल आहे. सहल विकत घेण्यात वाईट काही नाही, पण मग तिची चौकशी सहलीसारखीच करावी: लायसन्स, पावती, तिकीट, रद्द झाल्यास परतावा.

पॅकेज एक लाख सत्तर हजारांचं होतं, जीएसटी आणि टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर) वेगळा. पंचवीस हजार जागा पक्की करायला नोव्हेंबरमध्ये, नव्वद हजार तिकिटांसाठी जानेवारीच्या सुरुवातीला, उरलेले पंचावन्न हजार मार्चमध्ये. सोबत खर्चाचा तक्ता दिला होता, त्यामुळे पालकांना व्यवहार चोख वाटला. तो तक्ता मी नंतर नीट वाचला. त्यात सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा पर्यटक पास, सतरा हजार रुपयांना लावला होता. हा पास ऑक्टोबर २०२३ मध्येच पन्नास हजार येनला झाला होता, त्याआधी तो २९,६५० येनला मिळायचा. पन्नास हजार येन म्हणजे तेव्हाच्या दराने अठ्ठावीस हजार रुपयांच्या आसपास. तक्ता कुठल्यातरी जुन्या सहलीवरून उतरवलेला होता, हे त्या एका ओळीवरून कळत होतं. ज्याला खरंच बावीस पास विकत घ्यायचेत, त्याचा आकडा असा चुकत नाही. व्हिसाच्या रकान्यात साडेआठ हजार होते. भारतीयांसाठी जपानच्या व्हिसाचं सरकारी शुल्क तेव्हा पाचशे रुपयांच्या आसपास होतं, त्यावर व्हिसा केंद्राचा सेवा आकार.

जानेवारीत जपानहून आलेलं म्हणून एक निमंत्रणपत्र ग्रुपवर पडलं. लाल शिक्का, सुरेख लेटरहेड. तारखेत मात्र जपानी कालगणनेचं ‘रेइवा ६’ हे साल लिहिलं होतं. २०२५ हे रेइवा ७. एका मुलाने ते लगेच दाखवून दिलं, त्यावर दुसरा म्हणाला, “अरे, नवं वर्ष लागलं की आपणही महिनाभर जुनंच साल लिहितो.” तेही खरंच होतं, विषय तिथेच थांबला. तेव्हा करण्यासारखी एक सोपी गोष्ट होती, ती आता सांगते. जपानमधल्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला तेरा अंकी क्रमांक असतो, आणि तिथल्या राष्ट्रीय कर विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की क्रमांक आणि पत्ता कुणालाही फुकट दिसतो. आम्ही नंतर शोधलं तेव्हा त्या पत्त्यावर त्या नावाची संस्थाच नव्हती. जपानी वाचता येणाऱ्या मुलाला हे करायला पाच मिनिटं पुरतात.

पहिली पक्की शंका आली ती माझ्या बाबांच्या सीएंना, सांगलीत बसून. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा सात लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस होता. तो विक्रेत्याने आपल्याकडून घ्यायचा आणि आपल्या पॅनवर सरकारकडे भरायचा. दर महिन्याचा पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरावा लागतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचं विवरणपत्र १५ जानेवारीपर्यंत जातं. म्हणजे नोव्हेंबरात घेतलेला टीसीएस फेब्रुवारीत आपल्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, दिसायलाच हवा. सीएंनी बाबांचा फॉर्म उघडला, त्यात काहीच नव्हतं. बाबांनी फोन केला तेव्हा सर म्हणाले, “साहेब, ते मार्चएंडला एकदम दिसतं सगळं. तुम्ही निर्धास्त राहा, तुमची लेक माझी लेक.” सीएंनी पावतीवरचा जीएसटी क्रमांकही तपासला. पंधरापैकी पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र, तेवढं बरोबर. जीएसटीच्या पोर्टलवर मात्र त्या क्रमांकावर भलत्याच धंद्याचं नाव निघालं आणि नोंदणी केव्हाच रद्द झालेली.

बाबांनी ही गोष्ट बाकीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकली. त्यावर जे झालं ते सांगितलंच पाहिजे. दोन तासांत सरांचा ऑडिओ मेसेज आला: ज्यांचा विश्वास नाही त्यांनी खुशाल नाव काढावं, वेटिंग लिस्टवर मुलं थांबलीच आहेत, पण एकाच्या संशयापायी जपानी यजमानांपुढे सगळ्या ग्रुपची नाचक्की होईल. पालकांतलेच काही बाबांवर चिडले. एक काकू म्हणाल्या, “तुमच्यामुळे आमच्या मुलाचं नुकसान नको.” ग्रुपने जाण्यात सुरक्षितता असते असं आपण धरून चालतो. इथे ग्रुपच प्रत्येकाला गप्प बसवत होता. माझा शेवटचा हप्ता बाबांनी थांबवला. बाकी जवळपास सगळ्यांनी भरला.

मार्चमध्ये तिकिटं आली. कागदावर सहा अक्षरी पीएनआर होता, तो एअरलाइनच्या साइटवर टाकला की नावंसुद्धा दिसायची. त्यामुळे सगळे सुखावले. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. ग्रुप बुकिंगमध्ये एअरलाइन जागा नुसत्या धरून ठेवते, ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर सोडून देते. पैसे भरून तिकीट निघालं की तेरा अंकी तिकीट क्रमांक मिळतो आणि त्याचे पहिले तीन अंक त्या एअरलाइनचा कोड असतात. आमच्या कागदावर असा क्रमांकच नव्हता. मार्चच्या शेवटी तोच पीएनआर टाकला तर ‘रद्द’ दिसायला लागलं. सर म्हणाले, शेड्यूल बदललंय, नवीन पीएनआर येतोय. त्याच संध्याकाळी सगळ्यांना ‘ई-व्हिसा’ची पीडीएफ आली.

एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना जपानचा ई-व्हिसा मिळतो हे खरं आहे. पण विमानतळावर तो आपल्या फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, जपानच्या अधिकृत साइटवरूनच दाखवावा लागतो. पीडीएफ, स्क्रीनशॉट, प्रिंट काही चालत नाही. टोकियोत नोकरी करणाऱ्या आमच्या एका सीनियर ताईला ती पीडीएफ पाठवली, तर तिचा उलट फोनच आला. “लॉगिन मागा त्याच्याकडे,” ती म्हणाली. मागितलं. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

ऑफिस कोथरूडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. पोलिसांबरोबर आत गेलो तेव्हा भिंतीवर चेरीच्या फुलांचं पोस्टर तसंच होतं आणि टेबलाच्या खालच्या खणात आमचे पासपोर्ट होते, पाच-पाचचे गठ्ठे करून रबर लावलेले. प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी, त्यावर नाव आणि मापं: ‘युकाता एम, पाय २४’. समारोपाला सगळ्यांना युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालायचे म्हणून जानेवारीत त्याने आमची मापं मागवली होती. पासपोर्ट व्हिसा केंद्रात कधी गेलेच नव्हते. ते सापडले हे आमचं नशीब. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तसं त्यावर छापलेलं असतं. व्हिसासाठी द्यावा लागला तर पोच घ्या, आणि व्हिसा केंद्राचा अर्ज क्रमांक स्वतः तपासा.

चौकीत पहिल्यांदा ऐकायला मिळालं की हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा. तेव्हा बावीस वेगवेगळ्या कहाण्या सांगण्याऐवजी आम्ही एकच अर्ज केला. त्याला तक्ता जोडला: नाव, तारीख, रक्कम, कुठल्या खात्यात, व्यवहार क्रमांक. सोबत खोटी पीडीएफ, रद्द पीएनआर, जीएसटी पोर्टलचा प्रिंट. बनावट कागद समोर आल्यावर सूर बदलला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. पुढे तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला.

पैशांचं म्हणाल तर अनुभव सगळ्यांचा सारखा नाही. दोघांनी शेवटचा हप्ता फोन बंद होण्याच्या आदल्याच दिवशी भरला होता. त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांची रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, आता ती न्यायालयाच्या आदेशाने सुटेल. ज्यांचे पैसे नोव्हेंबर-जानेवारीत गेले होते, त्यांच्या बाबतीत त्या खात्यात काही उरलेलंच नव्हतं. एका काकांनी तिकिटाचे नव्वद हजार क्रेडिट कार्डाने भरले होते. त्यांनी बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून वाद दाखल केला, कागद दिले, आणि रक्कम परत मिळाली. आमच्यात पूर्ण हप्ता परत मिळालेले ते एकटेच. यूपीआय आणि एनईएफटीने भरणाऱ्यांना असा परतावा मिळालेला नाही.

ग्राहक आयोगातही तक्रारी दिल्या आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणून सांगलीच्या, नगरच्या पालकांना पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे.

आता एक विनंती. त्या वेटिंग लिस्टवरच्या मुलांनीही ‘नाव राखून ठेवायला’ पाच-पाच हजार भरले होते, हे आम्हाला तपासात कळलं. रक्कम लहान म्हणून त्यांच्यातलं कुणी पुढे आलेलं नाही. दौरा काही कारणाने बारगळला असं तो उद्या न्यायालयात म्हणू शकतो. न जाणाऱ्यांकडूनही पैसे घेतले होते हे सिद्ध झालं, तर ती सबब टिकणं अवघड आहे, असं आमचे वकील सांगतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, त्या खात्याचं बँक स्टेटमेंट आणि निवडीचा मेसेज घेऊन पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा आणि जबाब नोंदवा. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी चॅटचा बॅकअप घ्या. जबाबाला सोबत कुणी हवं असेल, तर आमच्यातलं कुणीही येईल.