द लास्ट ऑफ अस पार्ट टू: जी दिसतच नाही त्या कॅटसाठी हा रिव्ह्यू

ह्या व्हिडिओ गेमची सेकंडहँड डिस्क घेणाऱ्यांना आधी एक सांगून ठेवते, पीएस फोरच्या (प्लेस्टेशनच्या) बॉक्समध्ये दोन डिस्क असतात, एक डेटा आणि एक प्ले, आणि दुकानात उभं राहूनच बॉक्स उघडून बघायचा मग पैसे काढायचे. मी आधी काढले. खडेबाजारात पाऊस धो धो पडालेला, बॉक्स पिशवीत कोंबला, रिक्षानं शहापूरला आले, उघडते तर एकच डिस्क. परत गेले तर मालक म्हणतोय, "एकच असतंय की ओ ताई." शेवटी त्याच्याच ड्रॉवरमध्ये दुसऱ्या गेमच्या कव्हरात सापडली. वर १०० जीबी जागा लागते, म्हणजे दाद्याचा क्रिकेटचा गेम डिलीट, म्हणजे दोन दिवस घरात अबोला.

गेम जून २०२० चा, रीमास्टर्ड, म्हणजे सुधारलेला, पीएस फाईव्हवर २०२४ ला आणि पीसीवर २०२५ ला आला, तेव्हा ग्राफिक्स कसे आणि कथा किती डार्क हे मी नव्यानं सांगत बसत नाही. ६० च्या वर अॅक्सेसिबिलिटी सेटिंग आहेत, चष्मेवाल्यांनी सबटायटल मोठे करून घ्या, बटणं जमत नसतील तर तेही बदलता येतं, ते काम खरंच मनापासून केलंय. मला बोलायचंय ते कॅटबद्दल.

कोण कॅट? बघा, पूर्ण खेळून पण लोकांना आठवत नाही. कॅट म्हणजे गेमची नायिका एली, तिची एक्स. एली १९ वर्षांची, वायोमिंगमधल्या जॅक्सन गावात राहते, आता दीनाबरोबर तिचं जुळालंय, आणि त्याच्या आधी कॅट होती. गेममध्ये ती एकदाही समोर येत नाही. दीनाबरोबर गस्तीवर जाताना बोलता बोलता तिचं नाव निघतं, एलीच्या डायरीत ती आहे, बस्स. पण एलीच्या उजव्या हातावर फर्नची पानं आणि पतंग (दिव्यावर येतो तो, संक्रांतीचा नव्हे) असा जो टॅटू आहे ना, तो कॅटनं काढलेला. आणि तो हात तर आपण सोडतच नाही. बंदूक धरली की तो हात, गिटार वाजवली की टचपॅडवर आपलं बोट आणि स्क्रीनवर तारा छेडणारा तोच हात, वर्कबेंचवर बंदुकीचे पार्ट बसवायला लागली की एकदम क्लोजअप. माणूस शून्य मिनिटं स्क्रीनवर आणि तिचं काम तासन् तास. मी फोटो मोडमध्ये जाऊन झूम करकरून बघितलाय, पानांची शेडिंग बघण्यासारखी आहे.

आता गंमत बघा, तो टॅटू नुसता शोभेचा नाही. गेममध्ये माणसं झोंबी करणारी बुरशीची साथ आहे, एलीला १४ व्या वर्षी तसल्या एकाचा चावा बसलेला, पण ती इम्यून आहे, तिला लागण होत नाही, आणि हे गावात कळलं तर पंचाईत म्हणून तिनं ती खूण केमिकलनं स्वतःच भाजून घेतली. त्या भाजलेल्या कातडीवर कॅटनं पानं काढली. दीनाला तर चाव्याचं खरं सिएटलमध्ये कळतं, बुरशीपासून वाचवणारा मास्क फुटल्यावर, तेही लगेच पटत नाही तिला. मग कॅटला कुठलं माहीत असणार? म्हणजे त्या पोरीनं आपल्याला वाटलं ते एक साधं भाजल्याचं व्रण म्हणून झाकलं, जीव लावून झाकलं, आणि आपण नेमकं काय झाकलं हे तिला बहुतेक कधी कळलंच नाही. ह्यावर एक अख्खा सीन होता हो! गेमवाल्यांनी सोडून दिला.

तिथंच माझी तक्रार आहे. दीनाचा एक्स, जेसी, त्याला भरपूर रोल, सिएटलपर्यंत येतो, मदत करतो, सगळ्यांचा लाडका. एलीच्या एक्सला एक डायलॉग नाही. एलीची शत्रू ॲबी, तिच्या बाजूनं इतके तास खेळवता, मग जॅक्सनमध्ये पाच मिनिटं कॅटच्या दारात नेलं असतं तर काय बिघडलं असतं? गेमवरनं काढलेल्या टीव्ही मालिकेच्या २०२५ च्या दुसऱ्या सीझनमध्ये तिला चेहरा दिला एकदाचा, एलीच्या वाढदिवसाला टॅटू काढताना तिला बापासारखा असलेला जोएल येऊन धडकतो तो सीन. बघून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही, कारण माझ्या डोक्यातली कॅट वेगळी होती.

एक गोष्ट मात्र आवडली. जुनीवरनं भांडण नाही, टोमणे नाहीत, दीना जळत नाही. मनगटात नवीनं दिलेलं ब्रेसलेट, हातावर जुनीनं काढलेला पतंग, आणि दोन्ही सुखानं राहतात. आमच्याकडच्या सिरियलीत ह्यावर दोनशे एपिसोड काढले असते.

वर्कबेंच चालू असताना आजी बाजूला वाती वळत बसलेली. तिच्या स्वतःच्या हातावर हिरवट पडलेलं गोंदण आहे, लग्नाआधी सौंदत्तीच्या जत्रेत काढून घेतलेलं. चष्मा वर करून म्हणाली, "हिच्या हातावर कुणी गोंदलंय गं?"

"मैत्रिणीनं."

"मग ती कुठाय? दिसालीच नाही."

"नाही आजी ती ह्यात. मोडलं त्यांचं."

आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मोडलं तर मोडलं. हात चांगला होता की पोरीचा." मोडलं ह्या शब्दातनं तिला किती कळलं काय माहीत, मी पण पुढं काही बोलले नाही, गपगुमान रायफलला स्कोप बसवला.

तर पाचपैकी साडेचार. अर्धा कॅटच्या नावानं कापलाय. मधला ॲबीचा भाग लांबतो, पण चिकाटीनं काढा, लाईट जायच्या आत सेव्ह करत जा.

तोच टॅटू काढून घ्यावा म्हणून टिळकवाडीत विचारून आले, रेट ऐकला आणि तशीच खाली उतरून चहा पिऊन घरी आले. आजी म्हणतीय, जत्रेला जाऊ तेव्हा बघू.