‘वॉलेट व्हेरिफाय करा’ म्हणत बारा शब्द कसे काढून घेतले जातात

ही फसवणूक बहुतेक वेळा एका अडकलेल्या व्यवहारापासून सुरू होते. क्रिप्टो वॉलेटमधून टोकन, म्हणजे डिजिटल नाणं, पाठवलेलं असतं आणि दोन तास झाले तरी ‘पेंडिंग’ दिसत असतं. माणूस धास्तावतो, टेलिग्रामवर त्या वॉलेटच्या नावाचा ग्रुप शोधतो आणि तिथे प्रश्न टाकतो. ग्रुपमधलं कुणी उत्तर देण्याआधीच खासगी मेसेज येतो. नाव ‘सपोर्ट’, फोटोच्या जागी कंपनीचा लोगो, भाषा अगदी अदबीची: ‘सर, तुमचं वॉलेट नेटवर्कशी सिंक झालेलं नाही, व्हेरिफाय करावं लागेल.’ सोबत एक लिंक.

लिंक उघडली की वॉलेट कंपन्यांचे लोगो ओळीने मांडलेले दिसतात. आपल्या वॉलेटवर बोट ठेवलं की ‘कनेक्टिंग’ असं म्हणत चक्र काही सेकंद फिरतं आणि मग लाल अक्षरांत एरर येते. ती प्रत्येकालाच येते, कारण त्या पानावर वॉलेट जोडण्याची खरी सोयच नसते. खाली ‘मॅन्युअली जोडा’ असं बटण असतं आणि ते दाबलं की बारा शब्दांची चौकट उघडते. हे शब्द म्हणजे सीड फ्रेज: वॉलेट तयार करताना मिळालेले गुप्त शब्द, ज्यांच्यावरून ते पुन्हा उभं करता येतं. शब्द भरले की पुन्हा एरर: ‘हे वॉलेट चालत नाही, दुसरं वापरून पाहा.’ इथे लोक दुसऱ्या वॉलेटचेही शब्द भरतात. तोवर पहिल्याच्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे पैसे हलवण्याचा अधिकार देणारे गुप्त आकडे, चोराच्या प्रोग्रामने तयार केलेल्या असतात आणि इथेरियम, ट्रॉन, बिटकॉइन, जिथे शिल्लक असेल तिथून ती बाहेर पाठवणं सुरू झालेलं असतं. इथेरियमवर नवा ब्लॉक, म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा, १२ सेकंदांनी येतो. फोनवर नोटिफिकेशन दिसेपर्यंत व्यवहार पक्का झालेला असतो.

आणि ज्या पेंडिंग व्यवहारासाठी हे सगळं घडलं, त्यावरचा उपाय वॉलेटमध्येच होता. फी कमी पडली की इथेरियमवरचा व्यवहार असा लटकतो. बहुतेक वॉलेटांत त्यासाठी ‘स्पीड अप’ आणि ‘कॅन्सल’ ही बटणं दिलेली असतात. त्याला बारा शब्द लागत नाहीत. ते लागतात फक्त एका कामासाठी: नव्या फोनवर किंवा नव्या यंत्रावर आपण स्वतः वॉलेट पुन्हा उभं करतो तेव्हा.

हे शब्द लोकांना पासवर्डसारखे वाटतात आणि फसणारा तिथेच फसतो. ॲपचा पासवर्ड किंवा पिन त्या एका फोनमधल्या फाईलला लावलेलं कुलूप असतं. शब्दांचं तसं नाही. २०१३ साली आलेल्या बीआयपी-३९ या पद्धतीत २०४८ इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे आणि त्यातल्या बारा किंवा चोवीस शब्दांतून सगळ्या साखळ्यांवरच्या (ब्लॉकचेनवरच्या) किल्ल्या गणिताने निघतात. ते गणित जगातल्या कुठल्याही यंत्रावर सारखंच चालतं. म्हणून शब्द दिल्यावर घाईघाईने पासवर्ड बदलून काही होत नाही, ॲप काढून टाकूनही होत नाही. टोकन अप्रूव्हल रिव्होक करण्याचा, म्हणजे एखाद्या साइटला टोकन हलवायला दिलेली परवानगी काढून घेण्याचा, सल्ला इथे लागू पडत नाही, कारण चोराला परवानगीची गरजच उरलेली नसते, त्याच्याकडे किल्ली असते.

शब्द मागून घेण्याऐवजी आधीच ठरवून देण्याचीही एक तऱ्हा आहे, आणि ती जास्त घातक, कारण मागण्याचा प्रसंगच येत नाही. २०१८ मध्ये उघड झालेल्या एका प्रकरणात अनोळखी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या हार्डवेअर वॉलेटच्या (किल्ल्या जपणाऱ्या छोट्या वेगळ्या यंत्राच्या) खोक्यात लॉटरीच्या तिकिटासारखं खरवडायचं कार्ड होतं. खरवडलं की खाली चोवीस शब्द. यंत्र खरं होतं, शब्द विक्रेत्याचे होते. घेणाऱ्याने त्यात बचत टाकली आणि विक्रेत्याने ती उचलली. शब्द नेहमी यंत्राने तुमच्यासमोर, त्याच्या स्वतःच्या पडद्यावर तयार करायचे असतात. छापून आलेले शब्द कितीही सुबक असले तरी ते यंत्र रिसेट केल्याशिवाय वापरू नका. आयोटा या नाण्याच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. त्याच्या वॉलेटमध्ये ८१ अक्षरी सीड, म्हणजे बारा शब्दांच्या जागी असलेली मूळ किल्ली, तयार करण्याची सोय नव्हती, म्हणून लोक एका वेबसाइटवर जाऊन सीड बनवून आणत. त्या साइटवरचे आकडे दिसायला रँडम, पण चालवणाऱ्याला आधीच काढता येतील असे होते. त्याने काही महिने सीड साठू दिले आणि जानेवारी २०१८ मध्ये एकदम सगळं उचललं. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या म्हणण्यानुसार नुकसान सुमारे १ कोटी युरोंचं होतं. वर्षभराने ऑक्सफर्डमध्ये एकाला अटक झाली.

पोस्टाने येणारी फसवणूक आपल्याकडे अजून फारशी परिचित नाही, म्हणून ती लक्षात ठेवा. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली. सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर त्या डिसेंबरात इंटरनेटवर उघडे पडले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी सीलबंद खोक्यात नवं यंत्र आलं, ‘तुमचं जुनं सुरक्षित नाही’ अशा पत्रासह. आत यूएसबीच्या सांध्याला एक पेनड्राइव्ह डाखलेला होता आणि त्यातलं ॲप चोवीस शब्द विचारत होतं. २०२५ मध्ये लोकांच्या हाती कंपनीच्या लेटरहेडसारखी पत्रं आणि त्यावर क्यूआर कोड पडत होते. परदेशात असलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी त्या काळात यंत्र मागवलं, त्यांचा पत्ता त्या यादीत असू शकतो. हार्डवेअर वॉलेटचे शब्द त्या यंत्राच्याच बटणांवर किंवा पडद्यावर भरायचे असतात, संगणकाच्या कीबोर्डवर कधीच नाही. एवढं पाळलं तर वरचं खोकं निरुपयोगी ठरतं.

आता फोटो. शब्द दिसले की स्क्रीनशॉट काढायचा, ही सवय अंगवळणी पडलेली आहे. तो फोटो गॅलरीत राहतो, तिथून क्लाउडवर जातो, आणि लॅपटॉपवर तेच खातं असेल तर तिथेही उतरतो. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पार्ककॅट नावाचा मालवेअर उघड केला. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरच्या साध्या दिसणाऱ्या ॲपमध्ये तो होता. गॅलरीची परवानगी मिळाली की तो फोटोंमधली अक्षरं वाचून सीड फ्रेज शोधायचा. स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, नोट्समध्ये लिहिणं, सगळं याच जातीचं. झेरॉक्सच्या दुकानात कागद लॅमिनेट करायला देणं तर त्याहून वाईट: शब्द दुकानदाराच्या डोळ्यांसमोर जातात आणि आगीत लॅमिनेशन आधी वितळतं.

मग लिहायचं कसं? कागदावर, बॉलपेनने. जेलची शाई पाण्याने पसरते आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत असा कागद वाचता येईनासा होतो. प्रत्येक शब्दाला क्रमांक द्या. बारा शब्दांचा क्रम हरवला तर ४७ कोटी ९० लाख शक्यता तपासाव्या लागतात. स्पेलिंग रोमन लिपीतच लिहा. हे मराठी माणसाला मुद्दाम सांगायला हवं, कारण घाईत देवनागरीत उतरवून घेण्याची सवय आपल्याला आहे. त्या यादीत ‘पश्चिम’ अर्थाचा शब्द आहे आणि ‘वाया घालवणे’ अर्थाचाही आहे. देवनागरीत दोन्ही ‘वेस्ट’. ‘किनारा’ आणि ‘किंमत’ या अर्थांचे शब्दही त्यात आहेत: कोस्ट आणि कॉस्ट. चंद्र नीट उमटला नाही की दोघांत फरक करता येत नाही. अडीच वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याला फक्त ‘हे शब्द चालत नाहीत’ एवढंच दिसतं.

यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. म्हणून स्टीलच्या पट्टीवर ठोकायचे असतील तर शब्दाला चारच अक्षरं पुरतात. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांचे आणि आकड्यांचे पंच मिळतात. स्टेनलेस स्टीलची पट्टी लोखंडी ठोकळ्यावर ठेवायची, पंच उभा धरायचा आणि हातोडीचा एकच जोरदार ठोका द्यायचा. दोनदा ठोकलं की अक्षर दुहेरी उमटतं. बारा शब्दांना जास्तीत जास्त ४८ ठोके, क्रमांक वेगळे. आधी निरुपयोगी तुकड्यावर हात बसवा. हे काम घरीच करायचं. कोरणाऱ्याकडे दिलं की शब्द त्याचेही झाले.

सहा शब्द एका कपाटात आणि सहा गावच्या घरी, असं बरेच जण करतात. यात दोन्हीकडून तोटा आहे. एक तुकडा हरवला तर सगळं गेलं, आणि चोराच्या हाती जास्त शब्द लागले तर बाकीचे काढणं त्याला सोपं होतं. २०२० मध्ये बारापैकी आठ शब्द माहीत असताना उरलेले चार भाड्याच्या ग्राफिक कार्डांवर जवळपास तीस तासांत शोधून दाखवले गेले होते. तुकडे करण्यापेक्षा पूर्ण प्रती दोन ठेवा, एक घरात आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. वर पासफ्रेज, म्हणजे शब्दांना स्वतः जोडलेला आणखी एक गुप्त शब्द (याला पंचविसावा शब्द म्हणतात), लावत असाल तर ती तिसऱ्या जागी ठेवा. पासफ्रेजला चूक कळत नाही. एक स्पेस जास्त पडली तरी वॉलेट उघडतं, फक्त ते दुसरंच असतं आणि रिकामं असतं. ते पाहून घाबरलेला माणूस पुन्हा टेलिग्रामवर मदत मागायला जातो.

बॅकअप झाला असं तपासल्याशिवाय समजू नका. आधी दोनशे-पाचशे रुपयांचं नाणं नव्या वॉलेटमध्ये घ्या आणि वॉलेटच्या पत्त्याची पहिली व शेवटची सहा अक्षरं वहीत लिहा. मग वॉलेट पुसून टाका आणि फक्त कागदावर बघून ते परत उभं करा. तोच पत्ता आणि तीच शिल्लक दिसली तरच मोठी रक्कम आणा. वॉलेटचं नाव आणि डेरिव्हेशन पाथ (शब्दांतून किल्ल्या कोणत्या वाटेने काढायच्या ते सांगणारा कोड) कागदावर लिहून ठेवा, कारण दुसऱ्या ॲपमध्ये तो वेगळा असला तर शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य दिसते. बारापैकी एक शब्द पुसला गेला असेल, पण त्याची जागा माहीत असेल, तर आशा सोडू नका: २०४८ पैकी साधारण १२८ शब्दच तिथे नियमात बसतात. इंटरनेट तोडलेल्या संगणकावर ते एकेक करून पाहता येतात.

शब्द दिले गेलेच असतील तर पहिली वीस मिनिटं महत्त्वाची. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावर नवे शब्द तयार करा आणि जे उरलं असेल ते तिकडे हलवा, सगळ्यात मोठी रक्कम आधी. जुन्या वॉलेटमध्ये फीसाठी नवं नाणं पाठवू नका. तिथे बॉट, म्हणजे चोराचा आपोआप चालणारा प्रोग्राम, टपून असतो आणि फी आल्याबरोबर तीही उचलतो. त्यानंतर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीत व्यवहारांचे हॅश (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक), तुमच्या वॉलेटचा पत्ता, चोराच्या वॉलेटचा पत्ता, वेळ, लिंक आणि त्या ‘सपोर्ट’शी झालेलं सगळं बोलणं द्या. रक्कम एखाद्या एक्सचेंजवर पोचली असेल तर ती गोठवता येऊ शकते. यूएसडीटी, म्हणजे टेथर कंपनीचं डॉलरशी बांधलेलं नाणं, असेल तर ती कंपनी तो पत्ता थांबवू शकते. बिटकॉइनमध्ये असं थांबवणारं कुणी नसतं.

तपासाला पत्ता आणि हॅश लागतात. शब्द तपास अधिकाऱ्याला लागत नाहीत, आणि मदतीला आलेल्या तज्ज्ञालाही लागत नाहीत. २०१८ मध्ये गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोघांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. तपासात हाती आलेल्या वॉलेटांतली नाणी स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता.

तक्रार केल्याचं कुठे उघडपणे लिहिलंत तर काही दिवसांत ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ मेसेज करू लागतात. ते चोराच्या पत्त्यावर तुमची रक्कम अजून पडून असल्याचा स्क्रीनशॉट दाखवतात. तो खरा असू शकतो, कारण ती नोंद कुणालाही बघता येते. मग ‘अनलॉक फी’ म्हणून यूएसडीटी मागतात. ती दिली की पुढचा मेसेज येतो: रक्कम परत पाठवायची आहे, तुमच्या नव्या वॉलेटचे बारा शब्द इथे भरा.