जुन्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये कोणतं कार्ड घालावं? लिनक्सवाल्यांसाठी तुलना

सेकंड-हँड थिंकपॅड घेतलाय, एक्स२२० किंवा टी४२०. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून झालंय आणि आता बाजूचा रिकामा एक्सप्रेसकार्ड स्लॉट (जास्तीच्या सोयीचं कार्ड सरकवायची खाच) बघून हात शिवशिवतायत. बहुतेकांना त्यात दोनपैकी एक गोष्ट हवी असते: एखाद्या मशीनला किंवा राउटरला जोडायला सिरियल पोर्ट (जुन्या धाटणीचा डेटा पोर्ट), नाहीतर यूएसबी ३.

दुकानदार आधी विचारेल, “३४ का ५४?” त्याचं उत्तर सोपं आहे. ३४ मिमी रुंदीचं कार्ड ५४ च्या स्लॉटमध्ये चालतं, उलट चालत नाही. टी४२० चा स्लॉट ३४ चा, एक्स२२० चा ५४ चा. खरा प्रश्न मात्र दुकानदार विचारत नाही आणि डब्यावरही क्वचितच छापलेला असतो. २००३ साली आलेल्या या स्लॉटच्या २६ पिनांमधून दोन वेगळे रस्ते जातात, यूएसबी २ आणि पीसीआय एक्सप्रेसची (मशीनच्या आतल्या वेगवान वाटेची) एक लेन. कार्ड बनवणारा दोन्हींपैकी एक निवडतो. बाहेरून दोन्ही कार्डं जुळ्या भावांसारखी दिसतात, पण बिघडली की दोघांचे स्वभाव कळतात.

यूएसबीवर चालणारं सिरियल कार्ड हा गरीब गाय प्रकार. आत बहुधा एफटीडीआय किंवा प्रोलिफिकची चिप असते आणि त्यांचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) वर्षानुवर्षं आहेत. कार्ड सरकवलं की एलएसयूएसबी या कमांडच्या (यूएसबी उपकरणांच्या) यादीत येतं आणि टीटीवाययूएसबी० नावाचा पोर्ट तयार होतो. पोर्ट दिसतो पण उघडत नाही, तर नव्वद टक्के वेळा तुम्ही डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या युजरमध्ये) नसता. मी एकदा यापायी अख्खा रविवार केबल बदलण्यात घालवला, दोष माझ्या लॉगिनचा होता. (ग्रुपमध्ये नाव घातल्यावर लॉगआउट करून परत या, हेही तेव्हाच कळलं.) दुसरी कटकट नंबरची. जुना प्रोग्रॅम पोर्ट धरून बसला असताना कार्ड काढून परत घातलं, तर पोर्टच्या नावातल्या शून्याचा एक होतो. त्यावर उपाय म्हणजे डेव्ह फोल्डरातल्या सिरियलखाली बाय-आयडी नावाच्या लिंका असतात, सॉफ्टवेअरला त्यांचाच पत्ता द्या.

पण मग स्लॉट कशाला अडवायचा? तेच काम साधा यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा सिरियल अडॅप्टर) करतो, तोही कमी पैशात. डोंगलचीही एक खोड सांगून ठेवतो. सीएच३४० चिपचा स्वस्त डोंगल उबुंटू २२.०४ वर लावला तर पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो. ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम त्याला आपलं उपकरण समजून ताब्यात घेतो. ब्रेल लागत नसेल तर ते पॅकेज काढून टाकलं की प्रश्न मिटला.

आता पीसीआय एक्सप्रेसवालं कार्ड. यूएसबी ३ हवं असेल तर हेच घ्यावं लागतं. यूएसबी २ च्या रस्त्यावर हार्ड डिस्क सेकंदाला ३५-४० एमबीच्या आसपास अडकते. पीसीआय एक्सप्रेसची सर्वात जुनी लेनसुद्धा कागदावर २५० एमबी वाहते. सिरियलमध्येही, वेळेच्या बाबतीत चोखंदळ असलेलं जुनं सॉफ्टवेअर यूएसबीपेक्षा या खऱ्या पोर्टशी जास्त समजुतीनं वागतं.

त्रास चालू मशीनमध्ये कार्ड घालताना होतो. डीमेसेज (कर्नेलचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवून कार्ड सरकवा. पीसीआयईएचपीच्या (हॉटप्लग, म्हणजे चालू मशीनमध्ये कार्ड घालणं-काढणं, सांभाळणाऱ्या ड्रायव्हरच्या) नावानं ‘कार्ड प्रेझेंट’ आणि पाठोपाठ ‘लिंक अप’ आलं तर सगळं ठीक. एकही ओळ आली नाही, तर मशीन बंद करून कार्ड आत ठेवूनच सुरू करा. या एका चाचणीनं निम्मं निदान होतं. तरीही एलएसपीसीआय या कमांडच्या (पीसीआय उपकरणांच्या) यादीत कार्ड दिसत नसेल तर संशय कार्डावर, पिनांवर किंवा बायोसवर (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर) घ्या. थिंकपॅडच्या बायोसमध्ये सिक्युरिटीखाली एक्सप्रेसकार्ड स्लॉट बंद करायची सोय आहे, आणि आधीच्या मालकाच्या ऑफिसनं तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

कार्ड आत ठेवून सुरू केल्यावर दिसलं, पण चालू असताना घातल्यावर दिसत नाही, तर घोडं हॉटप्लगपाशी अडलंय. अनेक लॅपटॉपांचं बायोस सुरू होताना रिकामा दिसलेला पोर्ट झोपवून टाकतं, किंवा हॉटप्लगचा ताबा कर्नेलकडे सोडतच नाही. आधी रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन सिस फोल्डरात बस, पीसीआय या वाटेवरच्या रीस्कॅन फाइलमध्ये १ लिहून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नेलला द्यायच्या सूचनांत) पीसीआयई_पोर्ट्स=नेटिव्ह घाला. दहा पर्याय एकदम घालू नका, कशानं चाललं ते कळणार नाही. कार्ड काढण्याआधी त्या उपकरणाच्या रिमूव्ह फाइलमध्ये १ लिहायची सवय लावा, डिस्क माउंट असेल तर ती आधी उतरवा.

यूएसबी ३ कार्डात आणखी एक मेख आहे, विजेची. या स्लॉटमधून ३.३ आणि १.५ व्होल्टच मिळतात आणि यूएसबीला ५ लागतात. म्हणून पुष्कळ कार्डांच्या कडेला बारीक गोल भोक असतं, त्यात दुसऱ्या यूएसबी पोर्टमधून वायर आणून लावायची. ती न लावता पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली की डिस्क टक्-टक् करते, डीमेसेजमध्ये रीसेटच्या ओळी धावतात आणि आपण लिनक्सला शिव्या घालतो. असं भोक नसलेलं कार्ड माउसला आणि पेनड्राइव्हला ठीक, डिस्कसाठी मी घेणार नाही.

लॅपटॉप याहून जुना, रुंद कार्डबस स्लॉटचा असेल तर थोडक्यात सांगतो. सोनेरी उंचवट्यांची पट्टी असलेलं कार्ड ३२-बिटी, ते एलएसपीसीआयमध्ये दिसतं. पट्टी नसलेलं १६-बिटी, त्याची ओळख पीसीकार्डसीटीएल ही कमांड सांगते. १६-बिटी वाय-फाय कार्ड फुकट मिळालं तरी नको. त्यांचे बरेचसे ड्रायव्हर नव्या कर्नेलमधून काढून टाकलेत.

माझं मत: सिरियलसाठी एफटीडीआयचा डोंगल, यूएसबी ३ साठी विजेचं भोक असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड. दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्या, कार्ड सरकवून एलएसयूएसबी आणि एलएसपीसीआय या दोन्ही याद्या बघा. सिरियल कार्ड एलएसयूएसबीमध्ये दिसलं तर डोंगलच्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.