डायनामो दुरुस्त करावा, जुना बसवावा की नवाच घ्यावा?

गाडी सेल्फ मारत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला बळी बॅटरीचा जातो. माझ्या जुन्या डिझेल इंडिकाचंही तेच झालं. दुकानदाराने मीटर न लावताच नवी बॅटरी गळ्यात मारली. पंधरा दिवसांनी मांजरसुंब्याच्या घाटात रात्री हेडलाइट मिणमिणायला लागले आणि हॉर्नचा आवाज बसला. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते, म्हणून पार्किंगचे दिवे लावून एका ट्रकच्या मागे मागे बीड गाठलं. पेट्रोल गाडी असती तर घाटातच मुक्काम होता. सकाळी मिस्त्रीने मीटर लावलं आणि म्हणाला, "काका, बॅटरी चांगलीय. डायनामो चार्ज करंना."

इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या या यंत्राचं खरं नाव अल्टरनेटर, पण परभणीपासून लातूरपर्यंत त्याला डायनामोच म्हणतात. पैसे कशावर घालायचे हे ठरवण्याआधी दोष त्याचाच आहे ना, एवढं बघा. साधं मल्टिमीटर पुरतं. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यायला हवा, आणि हेडलाइट, एसी सगळं लावलं तरी साडेतेराच्या फार खाली जायला नको. आकडा हललाच नाही तर आधी बेल्ट सैल आहे का, बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलंय का, अर्थिंगची पट्टी गंजलीय का, ते बघा. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतच नसेल तर जुन्या गाड्यांत तो बल्बच उडालेला असू शकतो. त्यातूनच डायनामोला सुरुवातीचा करंट जातो, म्हणजे काम बल्बाच्या पैशात होतं. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. तिथे मध्येच आकडा खाली दिसला म्हणून घाबरू नका, स्कॅनर लावून घ्या.

चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून "बंद पडली का बघू" म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याचा हात धरा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. मग डायनामोचा खर्च चिल्लर वाटायला लागतो.

आता मुद्द्याचं. दुरुस्ती स्वस्त की महाग, हे आत काय गेलंय त्यावर ठरतं. कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, झिजले असतील तर दुसरा विचारच करू नका, दुरुस्तीच. लाकडी दांड्याने हलकं ठोकलं की चार्जिंग येतं आणि पुन्हा जातं, ही कार्बनची ठळक खूण. आपल्या काळ्या मातीची धूळ आत गेली की ते लवकरच संपतात. बेअरिंग घरघरत असेल तरी तेच, फक्त बेअरिंग चांगल्या कंपनीचं घ्यायला लावा. आकडा पंधराच्या वर जात असेल, बॅटरीचं पाणी उकळत असेल, बल्ब सारखे उडत असतील, तर कटआउट म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. तोही सुटा मिळतो. करंट एकाच दिशेने जाऊ देणारी डायोड प्लेट गेली की गाडी उभ्या उभ्या रात्रीत बॅटरी पिते. प्लेट बदलता येते, पण डाग (सोल्डर) चांगला देणारा माणूस पाहिजे.

वायंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तांब्याची तार, जळलं की गणित बदलतं. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला बोअरच्या मोटारी भरणारे आहेत, आणि डायनामोही तीन फेजचाच, त्यामुळे "भरून देतो" म्हणणारा लगेच सापडतो. पण बोअरची मोटार पाण्यात थंड राहते. हा मात्र मे महिन्यातल्या 42-43 अंशांत इंजिनाशेजारी भाजतो. तार हलकी किंवा वार्निश कच्चं असेल, तर पहिल्या उन्हाळ्यातच पुन्हा वास येणार. भरलेल्या डायनामोवर माझा भरवसा नाही. कोणाचा बरा चालला असेल, तर त्याचं नशीब आणि त्या कारागिराचा हात.

वायंडिंग गेलं असेल तर खरी निवड जुन्या आणि नव्यातच राहते. भंगारातून काढलेला जुना डायनामो स्वस्त पडतो, पण त्याचे किती किलोमीटर झालेत हे देवालाच ठाऊक. घ्यायचाच तर दुकानात बेंचवर फिरवून, लोड टाकून दाखवा म्हणायचं. अँपिअर तुमच्या गाडीइतकेच हवेत. बिनएसीच्या मॉडेलचा कमी अँपिअरचा एसी गाडीला बसतो, पण पुरत नाही. पुलीच्या खाचा, प्लगच्या पिना, बोल्ट बसायचे कान सगळं जुळवून बघा. बोलेरो, सुमो, इंडिका अशा जुन्या डिझेल गाड्यांत डायनामोच्या पाठीला ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्युम पंप असतो. तो नसलेला किंवा खराब असलेला बसवला तर ब्रेक दगडासारखे कडक होतात. त्या पंपाचं सील फुटून ऑइल आत झिरपत असेल, तर नवे कार्बनही महिनाभरात बाद. माझ्या इंडिकात नेमकं हेच होतं. सील, कार्बन आणि बेअरिंगवर काम झालं, डायनामो जुनाच राहिला.

नवा काही हजारांना पडतो, काही गाड्यांना दहा हजारांच्याही वर. दहा-बारा वर्षांच्या गाडीवर तेवढे घालायला जीव होत नाही, ते बरोबरच. पण गाडी रोज छत्रपती संभाजीनगर-जालना करत असेल, किंवा बायको-पोरं घेऊन रात्रीचा प्रवास होत असेल, तर मी नव्याच्या बाजूचा. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत डायनामोच स्टार्टरचंही काम करतो. तिथे रस्त्याकडेचा प्रयोग नको, थेट सर्व्हिस सेंटर गाठा. बिलावर पार्ट नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि कोणताही बसवा, त्याआधी उतरलेली बॅटरी रात्रभर चार्जरला लावा. मेलेली बॅटरी भरायचं काम नव्या डायनामोवर टाकलं, तर तो पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने तापतो.