झगा नाही, मुखवटा नाही: ‘पेपर गर्ल्स’

महानायिका म्हटली की झगा, मुखवटा आणि अचाट बळ डोळ्यांसमोर येते. ‘पेपर गर्ल्स’मध्ये यांपैकी काहीही नाही, तरीही खमक्या नायिकांची कालप्रवासकथा कोणी मागितली, तर मी प्रथम हेच कॉमिक त्याच्या हाती देईन. ब्रायन के. वॉन यांनी लिहिलेली आणि क्लिफ च्यांग यांनी चितारलेली ही 30 अंकांची मालिका 2015 ते 2019 या काळात इमेज कॉमिक्सने प्रकाशित केली. स्वतः घडवलेल्या पात्रांवर हक्क मिळत नाही, म्हणून मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या चित्रकारांनी 1992 साली ही संस्था उभारली. येथे पात्रे निर्मात्यांच्याच मालकीची असल्यामुळे ही कथा खपाच्या मोहाने ताणली जात नाही.

1 नोव्हेंबर 1988 च्या पहाटे, हॅलोविनची रात्र सरता सरता, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडजवळच्या एका उपनगरात नवखी एरिन सायकलवरून वर्तमानपत्रे टाकायला निघते आणि मॅक, केजे व टिफनी या तिघींना येऊन मिळते. टिफनीकडे वॉकीटॉकी, केजेकडे हॉकीस्टिक. त्यांची शस्त्रसामग्री काय ती एवढीच. थोड्याच वेळात डोक्यावरून टेरोडॅक्टिलवर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या उडत्या सरीसृपावर, बसलेले स्वार जातात आणि भविष्यातल्या दोन पिढ्यांच्या युद्धात या मुली ओढल्या जातात.

मालिकेचा खरा कस मात्र या युद्धात लागत नाही. बारा वर्षांची एरिन 2016 मध्ये पोहोचते आणि चाळिशीतल्या स्वतःलाच भेटते, तो भाग मी दोनदा वाचला. थोरली एरिन एकाकी आहे, चिंतेने पोखरलेली आहे, आणि धाकटीच्या नजरेतली निराशा तिच्यापासून लपत नाही, की आपल्यापासूनही. ‘मोठेपणी मी अशी होणार?’ हा प्रश्न कोणी उच्चारत नाही. तो च्यांग यांच्या साध्या, ठाशीव रेषेतल्या दोन चेहऱ्यांवर वाचावा लागतो. आपल्या वाट्याला फार थोडे आयुष्य आहे हे मॅकला कळते, तेव्हाही ती रडण्याऐवजी शिवी हासडते. मुठीपेक्षा हे बळ मला अधिक पटले.

मॅट विल्सन यांच्या जांभळ्या-गुलाबी रंगयोजनेमुळे पहाटेचा अंधारही उजळल्यासारखा वाटतो.

दोष युद्धाच्या मांडणीत आहे. कोणता गट काय वाचवू पाहतो आणि काळ बदलता येतो की नाही, याचे नियम मधल्या अंकांत इतके विस्कळीत होतात की मला दोन-तीनदा मागची पाने उलटावी लागली. मालिका सुटे अंक घेऊन रमतगमत वाचण्यापेक्षा सहा संग्रहांत सलग वाचलेली बरी. मॅकच्या तोंडी सिगारेट असते, तिची भाषा शिवराळ आहे आणि पहिल्याच अंकात ती समलिंगी व्यक्तींबद्दल हीन शब्द वापरते. हे पुस्तक लहान मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी स्वतः वाचावे. अर्थात तो शब्द लेखकाने उगाच ठेवलेला नाही, हे पुढे केजेची गोष्ट उलगडू लागते तेव्हा ध्यानात येते.